फुप्फुसातील रक्तस्राव : ओळख, उपचार आणि पडताळणी

संस्थेच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर



कार्यकारिणीने आम्हास आरोग्यावर चार शब्द बोलण्यास सांगितले. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा आम्हास अधिकार नाही आणि तो आव आणण्याची इच्छाही नाही. परंतु जे वाचले, जे जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्या भाषेत आपल्या माणसांपुढे मांडावे एवढाच आमचा हेतू आहे.

विषय असा निवडला आहे की ज्याचे नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल. शरीरातील अगदी बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या फुटतात आणि फुप्फुसात रक्त झिरपू लागते. बारीक रक्तवाहिन्यांच्या या दाहाला डॉक्टर लोक व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. आजार विरळा आहे. मग विरळ्या आजारावर तासभर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आपल्या वस्तीत खोकल्यातून रक्त पडले की माणूस एकच शब्द उच्चारतो, टीबी. बहुतेक वेळा तो शब्द बरोबरही असतो. पण जेव्हा तो चुकतो तेव्हा काही दिवसांत, कधी काही तासांत, माणूस हातचा जातो. दुसरे असे की, या आजारावरील उपचार कसे सापडले आणि त्यांची परीक्षा कशी झाली, ही हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकण्यासारखी आहे.

प्रथम आजार म्हणजे काय ते पाहू.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. द्राक्षाच्या घडासारखे हे लहान लहान फुगे. प्रत्येक फुग्याभोवती केसाहून कितीतरी बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा एका बाजूला, रक्त दुसऱ्या बाजूला आणि मध्ये अत्यंत पातळ पडदा. या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्या चाळीतील दोन-तीन खोल्या मिळूनही एवढी जागा भरणार नाही!

आता रक्तातील पांढऱ्या पेशींचा विचार करा. जंतूंशी लढणे हे त्यांचे काम. या आजारात शरीर स्वतःच्याच पांढऱ्या पेशींतील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिपिंडांना ॲन्का असे संक्षिप्त नाव आहे. प्रतिपिंडे चिकटली की पांढऱ्या पेशी खवळतात, बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि आपल्याजवळचा दाहक साठा तेथेच रिकामा करतात. भिंत झिजते, फुटते, आणि रक्त वायुकोशात उतरते. रखवालदारानेच घर पेटवून द्यावे असा हा प्रकार आहे.

येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. क्षयरोगात रक्त पडते तेव्हा ते बहुधा एखाद्या ठिकाणची मोठी वाहिनी फुटल्यामुळे पडते. ती जागा शोधून, वाहिनीत बारीक नळी घालून ती बंद करता येते. व्हॅस्क्युलायटिसमधील रक्तस्रावाला अशी एक जागा नसते. दोन्ही फुप्फुसांत, हजारो ठिकाणी, रक्त पाझरत असते. एखादा नळ गळत असेल तर तो आवळता येतो. पावसाळ्यात सगळी भिंतच पाझरू लागली तर काय आवळणार? म्हणून येथे उपचार करायचा तो खवळलेल्या प्रतिकारशक्तीवर. ती शांत झाली तरच रक्त थांबते.

आता हा आजार ओळखावा कसा?

छातीत रक्तस्राव म्हटले की तोंडातून रक्त येणारच, असे आपणास वाटते. परंतु सुमारे एक तृतीयांश रुग्णांत सुरुवातीला खोकल्यातून रक्त पडतच नाही. रक्त आतल्या आत साठते. रुग्णाला धाप लागते, थकवा येतो, चेहरा पांढराफटक पडतो. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन काही दिवसांत दोन-तीन अंकांनी उतरलेले दिसते आणि ते गेले कोठे याचा पत्ता लागत नाही. क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. ते पाहून न्यूमोनिया आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

अशा वेळी इतर खुणा उपयोगी पडतात. याच आजारात मूत्रपिंडातील बारीक गाळण्यांनाही सूज येते. म्हणून लघवीत रक्त आणि प्रथिने जातात. डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसली तरी तपासणीत ते कळते. रक्तातील क्रिएटिनीन वाढते. कित्येक रुग्णांना त्याआधी अनेक आठवडे नाक चोंदणे, नाकातून रक्ताच्या खपल्या पडणे, कान दडे बसणे, सांधे दुखणे, पायावर लालसर-जांभळे उंचवटे येणे असा त्रास झालेला असतो. हे सगळे सुटे सुटे त्रास रुग्ण वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगतो. नाकासाठी एक, सांध्यांसाठी दुसरा, खोकल्यासाठी तिसरा. सगळी माहिती एकत्र येत नाही.

आमच्या परिचयातील एका भगिनीची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. वय चाळिशीचे. तीन महिने सर्दी हटत नव्हती, गुडघे आणि मनगटे सुजत होती. मग खोकला सुरू झाला आणि रुमालावर रक्ताचे ठिपके दिसू लागले. जवळच्या एका दवाखान्यात छातीचे चित्र पाहून, थुंकीच्या तपासणीची वाट न बघता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा-बारा दिवसांत बाईंना जिना चढवेना. हिमोग्लोबिन अकरावरून सातवर आले. दुसऱ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने लघवीची साधी तपासणी करवली, त्यात रक्त आणि प्रथिने सापडली आणि तेथून पुढचा सगळा मार्ग बदलला. लघवीची तपासणी ही रुग्णालयातील सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी एक. तिने त्या घरातील आई वाचवली.

परंतु याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. खोकल्यातून रक्त म्हणजे टीबी नव्हेच, असे आम्ही म्हणत नाही. थुंकीची तपासणी प्रथम झालीच पाहिजे. क्षयरोग हा आपल्याकडे आजही मोठा शत्रू आहे, आणि क्षयाच्या काही रुग्णांतही ॲन्काची तपासणी सकारात्मक येते. म्हणजे नुसत्या एका कागदावर निदान होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमुळेही फुप्फुसात असाच रक्तस्राव होतो. २००५ सालच्या मुंबईच्या महापुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. हृदयाची झडप अरुंद होणे, ल्युपस हा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, याही कारणांनी खोकल्यातून रक्त येऊ शकते. म्हणूनच डॉक्टर घशातून दुर्बीण घालून फुप्फुसाचा एक भाग मिठाच्या पाण्याने तीनदा धुतात. प्रत्येक वेळी बाहेर येणारे पाणी अधिकाधिक लाल दिसले तर रक्त वायुकोशातूनच येत आहे हे कळते. त्याच पाण्यातून जंतूंचीही तपासणी होते. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. कारण पुढे जो उपचार द्यायचा तो प्रतिकारशक्ती दाबणारा असतो, आणि आत जंतू दडून बसलेला असेल तर तोच उपचार घातक ठरू शकतो.

आता थोडा इतिहास. तो रंजनासाठी सांगत नाही. त्यातूनच आजच्या उपचाराचा अर्थ उलगडतो.

१९१९ साली, इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीच्या काळात, अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर या डॉक्टरांनी एका अठरा वर्षांच्या मुलाची नोंद केली. त्याच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला होता आणि मूत्रपिंडेही सुजली होती. १९३१ साली जर्मनीत हाइन्झ क्लिंगर या वैद्यकीय विद्यार्थ्याने रक्तवाहिन्यांच्या एका वेगळ्या दाहाचे वर्णन केले. विद्यार्थी मित्रहो, हे विद्यार्थ्याचे काम होते, हे ध्यानात ठेवा. पुढे १९३६ आणि १९३९ साली फ्रीडरिश वेगेनर यांनी त्याच आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि अनेक दशके तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला गेला. त्यांचे नाझी पक्षाशी असलेले संबंध पुढे उजेडात आले. तेव्हा २०११ साली अमेरिका व युरोपातील वैद्यक संघटनांनी ते नाव मागे घेऊन आजाराचे स्वरूप सांगणारे नाव स्वीकारले. माणसाचे संशोधन मान्य करावे, पण त्याचे नाव रोज कोट्यवधींच्या तोंडी असावे काय, याचा विचार वैद्यकशास्त्रालाही करावा लागला. असो.

त्या काळी या आजाराचे भवितव्य काय होते? १९५८ साली वॉल्टन या डॉक्टरांनी तोपर्यंतच्या रुग्णांचा आढावा घेतला. सरासरी आयुष्य पाच महिने. शंभरातील ब्याऐंशी रुग्ण एका वर्षात दगावत. पुढे स्टिरॉइड आले, त्यांनी सूज ओसरत असे, पण त्यांच्या एकट्याच्या बळावर आजार फार काळ रोखता येत नसे.

खरा पालट झाला तो सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने. हे कर्करोगावरचे औषध. त्याचे मूळ युद्धात वापरलेल्या विषारी मस्टर्ड वायूच्या कुळात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्टिरॉइडच्या जोडीने या रुग्णांना दिले. होय, तेच फाउची, ज्यांचे नाव कोविडच्या काळात जगभर ऐकू आले. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७९ जणांचा आजार पूर्णपणे शमला होता. ज्या आजारात वर्षभरात बहुतेक माणसे मरत, त्यात हा चमत्कारच वाटावा.

परंतु त्याच संस्थेने १९९२ साली १५८ रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा दुसरी बाजू पुढे आली. शेकडा बेचाळीस रुग्णांना उपचारामुळेच कायमची इजा झाली होती. मूत्राशयाचे विकार, वंध्यत्व, जंतुसंसर्ग, कर्करोग. औषध जीव वाचवी, पण मोबदला भारी घेई. तेव्हा वाचवण्याची ताकद तीच ठेवून इजा कशी कमी करावी, हा पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न झाला.

दरम्यान १९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी ॲन्का प्रतिपिंडे प्रथम पाहिली आणि १९८५ साली त्यांचा या आजाराशी असलेला संबंध युरोपातील संशोधकांनी दाखवला. शत्रूची ओळख पटली. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या वंशावरच नेमका हल्ला करणारे रिटुक्सिमॅब हे औषध आले. २०१० साली १९७ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर रिटुक्सिमॅबच्या गटात ६४ टक्के आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात ५३ टक्के रुग्ण स्टिरॉइड बंद करूनही आजारमुक्त अवस्थेत होते. म्हणजे नवे औषध जुन्याहून कमी नाही हे सिद्ध झाले. मात्र ज्यांना रक्तस्रावामुळे श्वसनयंत्र लागले होते असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, ही गोष्ट नजरेआड करू नये. जे सर्वांत अधिक आजारी, त्यांच्याविषयीचा पुरावा नेहमी सर्वांत तोकडा असतो.

आता आजच्या भाषणातील मुख्य मुद्द्याकडे येतो.

प्रतिपिंडे रक्तातील प्लाझ्मा नावाच्या पिवळसर द्रवात असतात. तर मग तो प्लाझ्माच यंत्राने काढून टाकला आणि जागी दुसरा घातला तर? कल्पना साधी आणि मनाला पटणारी आहे. १९७६ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी गुडपाश्चर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात असा प्लाझ्मा बदलून चांगला परिणाम दाखवला. त्या विकारात ही पद्धत आजही मान्य आहे. मग हीच युक्ती ॲन्काच्या आजारात का करू नये? अमेरिकेतील डॉक्टरांनी फुप्फुसात रक्तस्राव झालेल्या वीस रुग्णांची माहिती २००३ साली प्रसिद्ध केली. सर्वांना इतर औषधांबरोबर प्लाझ्मा बदलून दिला होता. वीसपैकी वीस जणांचा रक्तस्राव थांबला!

मित्रहो, वीसपैकी वीस म्हटल्यावर कोणाचाही विश्वास बसेल. पण आम्ही बँकेतली माणसे. वहीची एकच बाजू पाहून ताळा जमला असे आम्ही म्हणत नाही. त्या वीस जणांना स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइडही मिळाले होते. प्लाझ्मा न बदलता फक्त ही औषधे दिली असती तर किती जणांचा रक्तस्राव थांबला असता? दुसरी बाजू कोरीच होती. रक्तस्राव प्लाझ्मा बदलल्यामुळे थांबला की प्लाझ्मा बदलला त्या काळात थांबला, हे त्या कागदावरून सांगता येत नव्हते. यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले.

तुलना करायची तर रुग्णांचे दोन गट हवेत आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरायला हवे. नाहीतर धडधाकट रुग्ण एका बाजूला आणि अत्यवस्थ दुसऱ्या बाजूला, असे घडते. विरळ्या आजारात एवढे रुग्ण एका देशात मिळत नाहीत. म्हणून सोळा देशांतील डॉक्टर एकत्र आले. ७०४ रुग्णांवर ही चाचणी झाली, तिचे नाव पेक्सिव्हास. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, यांपैकी एक प्रसंग प्लाझ्मा बदललेल्या गटात २८.४ टक्क्यांना आणि न बदललेल्या गटात ३१ टक्क्यांना आला. हा फरक एवढा थोडा की तो योगायोगानेही पडू शकतो. पंचवीस-तीस वर्षे अनेकांनी खात्रीने वापरलेला उपचार सरसकट सर्वांना उपयोगी आहे, असे सिद्ध झाले नाही.

त्याच चाचणीत दुसराही प्रश्न विचारला होता. स्टिरॉइडचे प्रमाण लवकर कमी केले तर चालेल काय? सहा महिन्यांत नेहमीच्या साठ टक्क्यांहून कमी स्टिरॉइड दिलेल्या गटात मृत्यू व मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढले असे दिसले नाही. उलट पहिल्या वर्षातील गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. या निकालाने जगभरच्या रुग्णांच्या पोटात जाणाऱ्या गोळ्या कमी झाल्या. शोध लावण्याइतकेच, अनावश्यक ते वजा करणे हेही मोठे काम आहे.

मग फुप्फुसाच्या रक्तस्रावाचे काय? या चाचणीतील १९१ रुग्णांना तो झालेला होता, त्यांपैकी ६१ जणांचा गंभीर होता. केवळ या रुग्णांचा वेगळा हिशेब २०२४ साली प्रसिद्ध झाला. प्लाझ्मा बदलल्याचा काही फायदा असू शकेल अशी शक्यता उरली, पण खात्रीने हो किंवा नाही म्हणावे एवढी रुग्णसंख्या नव्हती. म्हणून आज तज्ज्ञांच्या शिफारशींतही छटा आहेत. अमेरिकेच्या २०२१ च्या आणि युरोपच्या २०२२ च्या शिफारशी सांगतात की, रक्तस्रावासाठी प्लाझ्मा नेहमीचा उपचार म्हणून बदलू नये. मूत्रपिंडविकारांवरील जागतिक संस्थेच्या २०२४ च्या शिफारशी सांगतात की, रक्तातील प्राणवायू घटला असेल अशा रुग्णात त्याचा विचार करावा. तेव्हा एखाद्या डॉक्टरने तो करू म्हटले आणि दुसऱ्याने नको म्हटले, तर दोघांपैकी एक अडाणी आहे असे समजू नका. कारण विचारा. समंजस डॉक्टर कारण सांगतो.

आज असा रुग्ण दाखल झाला तर काय करतात, ते थोडक्यात क्रमाने सांगतो.

प्रथम श्वास. प्राणवायू देतात, गरज पडल्यास अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्र लावतात. तेही हळुवारपणे, कमी दाबाने, कारण फुप्फुस आधीच जखमी असते. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर रक्त देतात. अगदी शेवटचा उपाय म्हणून शरीराबाहेरील यंत्राने रक्तात प्राणवायू मिसळण्याची सोयही काही मोठ्या रुग्णालयांत आहे. त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते आणि येथे तर रक्तस्राव चालू असतो, म्हणून ती फार विचारपूर्वक वापरतात.

त्याचबरोबर, पुष्कळदा सगळे अहवाल हाती येण्यापूर्वीच, मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून देतात. सर्वसाधारणपणे रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, तीन दिवस. जंतुसंसर्गाची शंका असल्यास प्रतिजैविकेही चालू ठेवतात. नंतर गोळ्या सुरू होतात आणि त्या ठरावीक क्रमाने कमी केल्या जातात. स्टिरॉइड आग दाबते. ती पुन्हा भडकू नये म्हणून रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड यांपैकी एक सुरू करतात. सायक्लोफॉस्फामाइड आता बहुधा शिरेतून, काही आठवड्यांच्या अंतराने देतात. २००९ साली १४९ रुग्णांवरील चाचणीत दिसले की अशा पद्धतीने औषध एकूण साधारण निम्मेच लागते आणि आजार शमण्यात फरक पडत नाही. रिटुक्सिमॅबपूर्वी कावीळ ब ची तपासणी करतात. फुप्फुसातील एका विशिष्ट संसर्गापासून बचावासाठी को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या देतात. मूल हवे असलेल्या तरुण रुग्णांनी सायक्लोफॉस्फामाइड सुरू होण्यापूर्वी तसे डॉक्टरांना सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

रक्तस्राव थांबला, रुग्ण घरी आला, म्हणजे काम संपले असे नाही. हा आजार उलटतो. म्हणून देखभालीचा उपचार वर्ष-दोन वर्षे, कधी अधिक काळ चालतो. फ्रान्समधील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अठ्ठावीस महिन्यांत मोठ्या प्रमाणावर आजार उलटण्याचे प्रमाण देखभालीसाठी ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांत २९ टक्के, तर रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत ५ टक्के होते. बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा या आजारात जिवाशी खेळ आहे. स्टिरॉइड एकाएकी थांबवले तर आजार उलटण्याखेरीज शरीराला वेगळाच धोका होतो.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या वस्तीत तो सर्वांत आधी उभा राहतो. रिटुक्सिमॅब मूळचे महागडे औषध. २००७ साली हैदराबादच्या डॉक्टर रेड्डीज या कंपनीने त्याची रेडिटक्स नावाची आवृत्ती मूळ औषधाहून बऱ्याच कमी किमतीत आणली. पुढे आणखीही कंपन्या आल्या. तरीही सामान्य घराला तो खर्च मोठाच आहे. म्हणून इस्पितळात गेल्याबरोबर समाजसेवा विभागात जावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता भाग बसतो ते विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ही मेहरबानी नाही, नियम आहे. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घरात हाताशी ठेवा. दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालण्याची वेळ रुग्ण अत्यवस्थ असताना येऊ नये. आमच्यासारखे कारकून येथे उपयोगी पडू शकतात. अर्ज भरून देणे हे तर आमचे रोजचेच काम आहे.

रक्तदानाविषयीही एक हिशेब सांगतो. त्या मोठ्या चाचणीत प्रत्येक वेळी किलो वजनामागे साठ मिलिलिटर प्लाझ्मा बदलला जाई, दोन आठवड्यांत सात वेळा. साठ किलोच्या माणसाला एका वेळी ३६०० मिलिलिटर, आणि सात वेळा मिळून पंचवीस लिटरहून अधिक. जागी बहुतेक अल्ब्युमिनचे द्रावण घालतात, पण रक्तस्राव चालू असेल तर रक्त गोठण्यास मदत करणारा दात्यांचा प्लाझ्माही लागतो. आपण शिबिरात दिलेल्या एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे वेगवेगळे घटक काढले जातात. आपण दिलेली पिशवी कोणाच्या कोणत्या क्षणी उपयोगी पडेल, हे आपल्याला कधीच कळत नाही.

सभासद बंधू-भगिनींनी आजच्या भाषणातून तीन गोष्टी घरी न्याव्यात, अशी आमची विनंती आहे. धाप आणि उतरणारे हिमोग्लोबिन एकत्र दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. खोकल्यातून रक्त पडले तर थुंकीबरोबर लघवी आणि क्रिएटिनीन तपासले काय, असे नम्रपणे विचारा. आणि नाक, सांधे, कातडी, खोकला या सगळ्या तक्रारींचे कागद एकाच फायलीत तारखेनुसार लावून डॉक्टरांसमोर ठेवा. सुटे कागद बोलत नाहीत, फाइल बोलते.

विद्यार्थी मित्रांना एकच सांगणे आहे. वीसपैकी वीस बरे झाले असे कोणी सांगितले, मग ते औषधाबद्दल असो, ताईताबद्दल असो किंवा शिकवणीच्या वर्गाबद्दल असो, तर दुसरा गट कोठे आहे असे विचारायला शिका. ज्यांनी आपल्याच आवडत्या उपचाराला ७०४ रुग्णांच्या चाचणीत उभे केले आणि आलेला निकाल जसाच्या तसा जाहीर केला, त्या डॉक्टरांचा आदर्श तुमच्यापुढे असावा. तुमच्यापैकी कोणी उद्या वैद्यकीय महाविद्यालयात जाईल, कोणी प्रयोगशाळेत, कोणी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर बसेल. गंभीर रक्तस्रावाच्या रुग्णात प्लाझ्मा बदलावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर अजून पुरे मिळालेले नाही. ते शोधणाऱ्यांत आपल्या वस्तीतलाही एखादा मुलगा किंवा मुलगी असावी, अशी इच्छा व्यक्त करतो.